हिरवळीवरची साधनशुचिता

१७ जुलै २०२२ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी ओपन या गोल्फच्या सर्वांत जुन्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. १८६० साली सुरू झालेल्या या स्पर्धेची ती १५०वी खेप. उत्तर आयर्लंडचा रॉरी मॅकलरॉय त्या दिवशी संयुक्त आघाडीवरून खेळावयास उतरला आणि अठराच्या अठरा हिरवळींवर ठरलेल्या फटक्यांत पोहोचला. मैदानावरच्या लांब फटक्यांत त्याच्याकडून अशी चूक म्हणून झालीच नाही. परंतु प्रत्येक हिरवळीवर त्याला चेंडू होलमध्ये घालण्यास दोन फटके लागले, एकूण छत्तीस. त्याची बेरीज झाली ७०. चार फटक्यांनी मागे असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने त्याच दिवशी ६४ ची खेळी केली आणि करंडक नेला. सतराव्या होलवर त्याच्या आणि निशाणाच्या मध्ये वाळूचा एक कुप्रसिद्ध खड्डा आडवा आला होता. स्मिथने चेंडू हवेत उडवण्याचा मोह टाळला, चढावरून खड्ड्याला वळसा घालून तो जमिनीलगतच सरपटत नेला आणि उरलेल्या सुमारे दहा फुटांवरून नेमका होलमध्ये घातला. स्पर्धा तिथेच त्याच्या हाती आली.

या निकालावर गोल्फच्या रसिकांत जो वाद झाला तो नवा नव्हता. एक पक्ष म्हणाला, खेळ मॅकलरॉयचा सरस होता. केवळ काठीने चेंडू ढकलण्याच्या कलेत तो कमी पडला आणि तेवढ्यासाठी त्याचे चार दिवसांचे कष्ट वाया गेले. दुसरा पक्ष म्हणाला, चेंडू अखेर होलमध्ये घालावयाचा असतो आणि ज्याला ते जमते तोच खरा खेळाडू. या वादाचा धागा धरून मागे गेले तर आपण शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या एका प्रश्नापाशी येतो. चेंडू होलमध्ये गेला एवढे पुरे, की तो कोणत्या रीतीने गेला हेही पाहावयाचे? गणिताच्या शिक्षकाला हा प्रश्न दर परीक्षेत भेटतो. उत्तर बरोबर आहे, पण रीत दाखवलेली नाही; गुण द्यावयाचे की नाहीत? गोल्फच्या जगाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते देताना जी दिरंगाई केली आणि आज त्याच उत्तराची जी कसोटी लागत आहे, त्याचा विचार गोल्फची काठी कधी हाती न धरलेल्या वाचकानेही करण्याजोगा आहे.

गोल्फ हा आपल्याकडे साहेबांचा आणि धनिकांचा खेळ समजला जातो आणि तो समज निराधार नाही. तरीही ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी, ज्यांना बर्डी आणि बोगी यांतला फरक ठाऊक नव्हता अशी असंख्य भारतीय माणसे भल्या पहाटे उठून दूरदर्शनसंचासमोर बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. तिचे लांब फटके बरोबरीच्या स्पर्धकांपेक्षा कितीतरी आखूड पडत. इतरजणी छोट्या काठीने हिरवळीवर येत, तेव्हा अदितीला दुरून मोठी काठी वापरावी लागे. तरीही ती चार दिवस टिकून राहिली, ती पटिंगच्या बळावर. शेवटच्या होलवर तिचा पट होलमध्ये गेला नाही आणि एका फटक्याने पदक हुकले. त्या सकाळी या देशातील कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी गोल्फचे मर्म एका दमात ओळखले. तीनशे यार्डांचा फटका आणि तीन इंचांचा फटका यांची किंमत या खेळात सारखीच असते.

समान किमतीचे फटके

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. गोल्फमध्ये साधारणपणे अठरा होल असतात. प्रत्येकाच्या अखेरीस बारीक कापलेल्या गवताची हिरवळ आणि तीत सव्वाचार इंच व्यासाचा खळगा असतो. हिरवळीवर पोहोचल्यावर पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने चेंडू घरंगळवत खळग्यात घालावयाचा, याला पटिंग म्हणतात. अठरा होलांसाठी बहुधा ७२ फटके प्रमाण मानले जातात आणि त्यांतले छत्तीस, म्हणजे होलमागे दोन, पटिंगसाठी धरलेले असतात. निम्मा हिशेब या अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या फटक्यांचा आहे.

निरुपद्रवी म्हणावयाचे ते दिसण्यापुरतेच. गवताचा कल, उतार, ओल आणि खेळाडूच्या मनाची स्थिती या साऱ्यांचा हिशेब त्या एका फटक्यात होतो. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून काही निष्कर्ष मांडले. त्यांतला एक असा की जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून दोन प्रयत्नांत एकदाच यशस्वी होतात. दूरदर्शनसमोर बसून ‘एवढेही जमू नये?’ असे म्हणणाऱ्या रसिकाने हा आकडा लक्षात ठेवावा. ब्रॉडी यांचा दुसरा निष्कर्ष मात्र पटिंगच्या भक्तांना रुचणारा नाही. उत्तम खेळाडू आणि सामान्य व्यावसायिक यांच्यातील तफावतीचा सुमारे १५ टक्केच भाग पटिंगचा असतो; मोठा भाग लांब फटक्यांचा असतो. एखादी स्पर्धा पटर जिंकून देतो हे खरे, पण वर्षभराची कीर्ती लांब फटक्यांवर उभी असते.

असे असले तरी या छोट्या फटक्याविषयीचा लांब फटकेवाल्यांचा राग जुनाच आहे. अमेरिकेच्या जीन सॅराझेनने १९३० च्या दशकात होलचा व्यास आठ इंच करावा अशी मागणी केली होती, म्हणजे पटिंगचे माहात्म्य आपोआप कमी होईल. ती सूचना टिकली नाही आणि ते योग्यच झाले. गणित कठीण जाते म्हणून गणिताचा पेपर सोपा करण्याचाच तो प्रकार होता. खळगा मोठा करण्याची मागणी फेटाळली गेली. मग काही खेळाडूंनी आपली रीत बदलली आणि खरा वाद तिथून पेटला.

बंदीचा इतिहास

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ येथील मंडळींनी केलेले. ते अवघे तेरा आहेत. त्यांत होलमध्ये चेंडू घालण्याविषयी सांगताना प्रामाणिकपणे होलच्या दिशेनेच खेळावे, वाटेत नसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवर नेम धरू नये, अशा आशयाचे कलम आहे. प्रामाणिकपणा हा शब्द नियमावलीत पहिल्याच दिवशी आला ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला अमेरिकन हौशी खेळाडू इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेत उतरला. पस्तिशीच्या सुमारास त्याने हा खेळ हाती घेतला होता आणि त्याचे फटके आखूड पडत. त्याच्या हाती मात्र दांडा मध्यभागी बसवलेला स्केनेक्टॅडी नावाचा पटर होता. त्याच्या बळावर त्याने अंतिम सामन्यात सेंट अँड्र्यूजच्या एडवर्ड ब्लॅकवेल या नामांकित लांब फटकेवाल्यास हरवले. पुढे १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्या धाटणीच्या काठीवर बंदी घातली. अमेरिकेने ती बंदी मानली नाही. परिणाम असा झाला की एकच पटर अटलांटिकच्या एका काठावर वैध आणि दुसऱ्या काठावर अवैध ठरला. ही विसंगती मिटावयास १९५२ ची एकत्रित नियमावली यावी लागली. सुमारे चाळीस वर्षे एका काठीवरून दोन देशांत दोन कायदे चालले! पाहुणा जिंकून गेल्यानंतर त्याच्या हत्यारात दोष दिसू लागावा, हे काही न्यायबुद्धीचे लक्षण म्हणता येणार नाही.

पुढचे प्रकरण सॅम स्नीडचे. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर ८२ स्पर्धा जिंकलेल्या या खेळाडूला पन्नाशीनंतर ‘यिप्स’ जडले. हा एक चमत्कारिक विकार आहे. लांब फटका निर्धोक मारणाऱ्या माणसाचे हात तीन फुटांच्या पटसमोर आपोआप थरथरतात, झटका देतात आणि बुद्धीला जुमानत नाहीत. स्नीडने तोड काढली. तो क्रोकेच्या खेळाडूप्रमाणे चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून, होलकडे तोंड करून, दोन पायांमधून चेंडू ढकलू लागला. १९६८ पासून नियम आला की पटच्या रेषेवर दोन्ही बाजूंस पाय ठेवून उभे राहता येणार नाही. स्नीडने दोन्ही पाय एका बाजूस घेतले आणि होलकडे तोंड करूनच तो खेळत राहिला. नियमकर्त्यांनी दार लावले. खेळाडूने खिडकी शोधली.

तिसरे आणि सर्वांत गाजलेले प्रकरण लांब दांड्याच्या पटरचे. १९८० च्या दशकात काही प्रौढ व्यावसायिकांनी छातीपर्यंत पोहोचणारा पटर वापरावयास सुरुवात केली. दांड्याचे वरचे टोक छातीला किंवा हनुवटीला टेकवावयाचे आणि घड्याळाच्या लंबकासारखा तो हलवावयाचा. पुढे पोटाला टेकवण्याचा मधल्या लांबीचा पटर आला. ऑरव्हिल मूडीने १९८९ ची अमेरिकन सीनियर ओपन अशाच लांब काठीने जिंकली. त्या वेळी कोणास फारसे वाईट वाटले नाही. म्हातारपणी काठीचा आधार कोण नाकारील? परंतु २०११ साली कीगन ब्रॅडली हा तरुण पोटाला टेकवलेल्या पटरने पीजीए अजिंक्यपद घेऊन गेला. २०१२ मध्ये वेब सिम्पसनने अमेरिकन ओपन आणि अर्नी एल्सने ओपन त्याच रीतीने जिंकली. २०१३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडम स्कॉटने लांब पटरने मास्टर्स जिंकली. सहा मोठ्या स्पर्धांपैकी चार स्पर्धा टेकूच्या पटरने गेल्या. त्याच मास्टर्समध्ये चीनचा चौदा वर्षांचा ग्वान तियानलांग पोटाला टेकवलेला पटर घेऊन उतरला होता. वृद्धांची काठी मुलांच्या हाती गेली होती.

नियमकर्त्या दोन संस्थांनी, म्हणजे आर अँड ए आणि अमेरिकेची गोल्फ असोसिएशन यांनी, २०१२ च्या नोव्हेंबरात बंदीचा मसुदा जाहीर केला, तीन महिने मते मागवली, २०१३ च्या मे महिन्यात नियम पक्का केला आणि १ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आणला. पटरच्या लांबीवर बंदी नाही; तो शरीराला टेकवून खेळण्यावर आहे.

दोन्ही बाजूंचे सत्य

बंदीच्या बाजूने असलेल्या रसिकांचे म्हणणे थोडक्यात असे होते. गोल्फचा फटका म्हणजे दोन हातांनी काठी मोकळी फिरवणे. टेकू दिला की हात थरथरण्याचा धोका कमी होतो. आणि हात थरथरणे, ते आवरणे, हाच तर या फटक्याचा कस आहे. मनाचा तोल हा खेळाचा भाग असेल तर त्यापासून सुटका देणारे साधन खेळच बदलून टाकते.

विरोधकांचे म्हणणे तितकेच वजनदार होते. टेकूने पटिंग सुधारते याचा आकडेवारीचा पुरावा कोठे आहे? नियमकर्त्यांनी स्वतःच मान्य केले की आपला निर्णय आकड्यांवर बेतलेला नसून फटक्याच्या स्वरूपाविषयीच्या तत्त्वावर आधारलेला आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेच्या टिम क्लार्कसारख्या खेळाडूचे काय? जन्मजात व्याधीमुळे त्याचे हात कोपरापासून पुरते वळत नाहीत. लांब पटरने त्याने २०१० ची प्लेयर्स स्पर्धा जिंकली होती. तीस वर्षे ज्या रीतीस तुम्ही वैध म्हटले, जिच्यावर माणसांनी आयुष्य उभारले, तीच एके दिवशी अवैध कशी ठरवता? अमेरिकेतील व्यावसायिकांच्या दौऱ्यानेही प्रथम विरोधच नोंदवला होता, मग नियम स्वीकारला.

आमच्या मते तत्त्व नियमकर्त्यांच्या बाजूने होते आणि न्याय बऱ्याच अंशी विरोधकांच्या बाजूने. खेळ म्हणजे मुद्दाम स्वीकारलेल्या अडचणी. चेंडू खळग्यात घालणे हेच साध्य असते तर तो हाताने उचलून नेऊन ठेवणे सर्वांत सोपे. काठीने, ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या अडचणीतून तो न्यावयाचा म्हणून तर तो खेळ. तेव्हा रीतीविषयी नियम करण्याचा अधिकार नियमकर्त्यांना आहे आणि त्यासाठी आकडेवारीच्या पुराव्याची गरज नाही. कॉपी करून विद्यार्थ्याला गुण कमीच पडले तर कॉपी क्षम्य ठरत नाही.

पण तत्त्व खरे असेल तर ते १९८९ मध्येही खरे होते. मूडी जिंकला तेव्हा जे चालले ते ब्रॅडली, सिम्पसन आणि एल्स जिंकल्यावर एकाएकी आक्षेपार्ह कसे झाले? बंदीमागे शुद्ध तत्त्व होते की जिंकणाऱ्यांची वाढती संख्या, ही शंका रसिकांच्या मनात उरली ती याच दिरंगाईमुळे. वेळेवर सांगितलेला नियम शिस्त शिकवतो आणि उशिरा सांगितलेला नियम सूडासारखा दिसतो. शाळेत, कचेरीत आणि विधिमंडळातही हाच अनुभव आहे. वर्षानुवर्षे डोळ्यांआड केलेली गोष्ट एके दिवशी परिपत्रक काढून गुन्हा ठरवली की परिपत्रक कितीही योग्य असो, ते अन्यायाचेच वाटते.

बंदीनंतर जे घडले ते उद्बोधक आहे. टेकूवाल्यांचा खेळ संपला असे भाकीत अनेकांनी केले होते. वेब सिम्पसन दोन-तीन वर्षे चाचपडला, मग दांडा पुढल्या हाताच्या लांबीला लावून धरण्याची वैध रीत त्याने आत्मसात केली आणि २०१८ ची प्लेयर्स स्पर्धा जिंकली. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर तरुणपणापासून यिप्सशी झगडत आला आहे. त्याने लांब पटर सोडला नाही, फक्त हात छातीपासून दूर धरला आणि वयस्कांच्या स्पर्धांत तो जिंकतच राहिला. काही प्रेक्षकांना त्याचा हात छातीला लागल्याचा भास झाला आणि २०१७ साली यावर गदारोळ उठला. अमेरिकेच्या असोसिएशनला जाहीर निवेदन करून सांगावे लागले की नियमभंगाचा कोणताही पुरावा आढळलेला नाही. नियमाचा रोख हेतूवर आहे. कपड्याला ओझरता स्पर्श झाला एवढ्याने दोष घडत नाही. म्हणजे निर्णय अखेर खेळाडूच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला गेला. गोल्फमध्ये खेळाडूने स्वतःवर स्वतः दंड लावून घ्यावयाचा अशी परंपरा आहे आणि ती खेळाची खरी दौलत आहे. प्रेक्षकांनी कॅमेऱ्यातून पाहून ज्याच्या त्याच्या हेतूचा पंचनामा करावयास बसणे ही त्या दौलतीची नासाडी आहे.

ज्याचा देहच साथ देत नाही त्याच्यासाठी मात्र नियमांना डोळे असावेत. २०२३ च्या नियमावलीत दिव्यांग खेळाडूंसाठीचे फेरफार मूळ नियमांतच घेण्यात आले आणि हात-पाय गमावलेल्या खेळाडूस गरज असेल तेथे टेकूचीही मुभा मिळाली. नियम कडक असावा आणि अपवाद लिखित असावा, हीच न्यायाची रीत आहे. हे शहाणपण दहा वर्षे आधी सुचले असते तर बरीच कटुता टळली असती.

मैदान किती लांबवणार?

पटिंगच्या वादात जे तत्त्व नियमकर्त्यांनी मांडले, त्याची खरी परीक्षा आता चेंडूच्या बाबतीत आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर १९८० साली पहिल्या फटक्याची सरासरी लांबी सुमारे २५७ यार्ड होती. २०२३ साली ती ३०० च्या घरात गेली. व्यायाम आणि तंत्र यांचा वाटा त्यात आहेच, पण काठीच्या धातूचा आणि चेंडूच्या बनावटीचाही आहे. मग मैदानांनी काय करावे? ऑगस्टा येथील मास्टर्सचे मैदान १९९७ साली, टायगर वुड्सने बारा फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली तेव्हा, ६,९२५ यार्ड लांब होते. २०२४ साली ते ७,५५५ यार्ड झाले. ऑगस्टाच्या क्लबला शेजारची जमीन विकत घेणे परवडते. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाला एका बाजूस गाव आहे आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. ते किती वाढणार? आणि जे मैदान वाढते त्याला अधिक जमीन, अधिक पाणी, अधिक खत लागते. जमीन आणि पाणी यांचा हिशेब महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन्ही संस्थांनी २०२३ च्या मार्चमध्ये सुचवले की फक्त वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी कमी पल्ल्याचा चेंडू सक्तीचा करता यावा. म्हणजे व्यावसायिकांचा चेंडू एक आणि सामान्य हौशी माणसाचा दुसरा. चेंडूच्या उत्पादकांनी आणि व्यावसायिकांच्या दौऱ्याने विरोध केला. डिसेंबरात संस्थांनी दुसरा निर्णय जाहीर केला. चेंडूची चाचणी अधिक वेगवान फटक्याने घ्यावयाची, नियम सर्वांना एकच, व्यावसायिकांना २०२८ पासून आणि इतरांना २०३० पासून लागू. उत्पादकांचा असंतोष त्यानेही शमला नाही आणि अंमलबजावणीच्या वेळापत्रकावरची चर्चा पुढेही चालूच राहिली.

आमच्या मते सर्वांना एकच नियम हा निर्णय योग्य आहे. क्रिकेटच्या कसोटीत आपला फलंदाज ज्या चेंडूला सामोरा जातो त्या चेंडूशी गल्लीतल्या मुलाचा संबंध नसतो. गोल्फचा मोठेपणा असा की रविवारी खेळणारा कारकून आणि जगज्जेता एकाच नियमाने, एकाच प्रकारच्या चेंडूने आणि वाटल्यास एकाच मैदानावर खेळतो. आपला फटका मॅकलरॉयच्या फटक्याशी ताडून पाहण्याचे सुख या एकत्वातून येते. ते तोडले तर व्यावसायिक गोल्फ ही केवळ पाहावयाची वस्तू होईल. कोणी म्हणेल, सामान्य माणसाचा चेंडू आधीच जवळ पडतो, त्याचे चार-पाच यार्ड का हिरावता? याचे उत्तर इतिहासात आहे. एकेकाळी ब्रिटनमध्ये १.६२ इंचांचा आणि अमेरिकेत १.६८ इंचांचा चेंडू चालत असे. लहान चेंडू वाऱ्यात अधिक दूर जाई. ओपनमध्ये मोठा चेंडू १९७४ पासून सक्तीचा झाला आणि १९९० साली लहान चेंडू सर्वत्र बाद ठरला. त्या वेळीही खेळ बुडणार अशी ओरड झाली होती. खेळ बुडाला नाही. ब्रिटनचे गोल्फ आजही जिवंत आहे.

नियमकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच की टेकूच्या पटरच्या वेळी केलेली चूक येथे पुन्हा करू नका. पल्ला वाढत असताना तुम्ही वर्षानुवर्षे आकडे मोजत बसलात. आता जे ठरले आहे ते उत्पादकांच्या दडपणाखाली पातळ करू नका. पटर टेकवणाऱ्या चार खेळाडूंवर नियम लादणे सोपे होते. मोठ्या कारखानदारांसमोर तोच ताठपणा टिकतो की नाही, यावरून तुमच्या तत्त्वाची किंमत ठरेल.

पैसा आणि प्रेक्षक

पैशाचा उल्लेख आल्यावर व्यावसायिक गोल्फमधील दुफळीकडे दुर्लक्ष करता येत नाही. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पाठबळाने २०२२ च्या जूनमध्ये लिव्ह गोल्फ ही नवी मालिका सुरू झाली. ओपन जिंकून दीड महिनाही लोटला नव्हता तोच कॅमेरॉन स्मिथ तिकडे गेला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरीही त्याच सुमारास गेला. खेळाडूने अधिक मोबदला घेतला म्हणून त्याला दोष देणे ढोंगीपणाचे होईल. बदलीत बढती मिळाली तर आपल्यापैकी कोण नाकारतो? रसिकांचा आक्षेप वेगळा आणि अधिक मूलभूत होता. ठरावीक खेळाडूंचा बंद संच आणि दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवण्याच्या पद्धतीचा अभाव, ही त्या मालिकेची सुरुवातीची घडण होती. अशा रचनेत नव्या माणसाला कोणते दार उघडे राहते?

कारण या खेळाची दारे आधीच अरुंद आहेत. ऑगस्टाच्या क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली घेतला आणि पहिल्या दोन स्त्रियांना २०१२ साली प्रवेश दिला. ज्या कासुमिगासेकी मैदानावर अदिती अशोक खेळली, तेथे स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळाले ते २०१७ साली, ऑलिंपिकच्या दडपणामुळे. तरीही दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून इतरांच्या पिशव्या वाहिलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा शिवशंकर चौरासिया याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती स्पर्धा जिंकली. या माणसांना पुढे येता आले, कारण स्पर्धा खुली होती आणि नियम कोणाचे नाव पाहत नव्हता. महागडी काठी, खास चेंडू आणि बंद स्पर्धा ही तीन कुलुपे एकापाठोपाठ एक लागत गेली तर कॅडीच्या मुलासाठी उरणार काय?

म्हणून गोल्फच्या रसिकांची पटरविषयीची, मैदानांविषयीची आणि व्यावसायिकांविषयीची बडबड आम्ही हसण्यावारी नेत नाही. ती कधी अतिरेकी असते, कधी एखाद्या आवडत्या खेळाडूच्या पक्षपाताने रंगलेली असते. पण जे लोक स्वतः एक रुपया न मिळवता खेळाच्या रीतीविषयी भांडतात, त्यांच्या भांडणामुळेच खेळाची रीत टिकते. २०१२ साली नियमकर्त्यांनी मसुदा जाहीर करून तीन महिने मते मागवली, हे त्यांनी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम होते. ते त्यांनी तीस वर्षे आधी करावयास हवे होते, एवढीच तक्रार आहे.

सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान कोणा क्लबच्या मालकीचे नाही. ते गावाचे आहे. एरवी रविवारी तेथे गोल्फ बंद असते आणि गावकरी लहान मुले व कुत्री घेऊन त्या प्रसिद्ध गवतावरून फिरावयास जातात. मैदानाला लागूनच उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे. त्यावरच्या उंचवट्यांमुळे लोकांनी त्याला ‘हिमालय’ असे नाव दिले आहे. काठी खांद्यावर उचलून जोरदार फटका मारणे स्त्रियांना शोभत नाही अशी समजूत होती त्या काळात, १८६७ साली, तेथे स्त्रियांचा पटिंग क्लब निघाला. आज तेथे किरकोळ शुल्क देऊन कोणीही पट मारू शकतो. आजीबाई मारतात, शाळकरी पोरे मारतात आणि जगभरचे प्रवासीही मारतात. हात सर्वांचेच थरथरतात आणि चेंडू बहुधा खळग्याच्या कडेवरून निघून जातो. व्यावसायिक गोल्फच्या चालकांनी मोठे निर्णय घेण्यापूर्वी तेथे तासभर उभे राहावे. आपण ज्या खेळाचे नियम करतो तो खेळ कोणाचा आहे, हे त्यांना तेथे दिसेल.